काळा दिवस, राज्योत्सव आणि २ नोव्हेंबरची सकाळ: बोलायचं की टाळायचं?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, उत्तर सापडत नाही म्हणून इथे टाकतो.

बेळगावात व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. बँकेतून निवृत्त झालेले बैलहोंगलचे लिंगायत काका, कॅम्पातले एक मुस्लिम कंत्राटदार, खानापूरकडचे दोन मास्तर, एक जैन व्यापारी, आणि मी. चालणं झालं की चहा. व्हॉट्सॲपवर गट काढला तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की राजकारण, धर्म आणि सीमाप्रश्न (बेळगाव कर्नाटकात की महाराष्ट्रात) हे तीन विषय बंद.

तेव्हापासून शांतता आहे. पण त्या शांततेत काही जीव नाही. सकाळी सुप्रभात, दुपारी कारल्याच्या रसाचे फायदे, रात्री शुभरात्री. ऑक्टोबर संपत आला की तेही आटतं. १ नोव्हेंबरला, म्हणजे १९५६ मध्ये बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं त्या दिवशी, मी काळ्या दिवसाच्या निषेध फेरीत असतो, लपवत नाही. काका त्याच दिवशी नातवाला खांद्यावर घेऊन कर्नाटक स्थापनेच्या राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असतात. दोघांनाही एकमेकांचं माहीत आहे. २ तारखेला सकाळी आम्ही दोघं थंडी कधी पडणार यावर बोलतो.

माझं मत आधीच सांगतो: याला मी सलोखा म्हणत नाही. पण बोलायला गेलं तर दोन मिनिटांत १९५६ निघतं आणि तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी चहा अर्धा ठेवून घरी जातं. तुमच्या गल्लीत, ऑफिसात, घरात हे विषय कसे बोलता? बोलता तरी का?

कुंदाप्रेमी

नियम मोडेल त्याला अर्धा किलो कुंद्याच्या मिठाईचा दंड लावा. महिन्याभरात सगळ्यांचा सीमाप्रश्नाचा अभ्यासही होईल आणि कारल्याचा रसही कामाला येईल.

सीमावासी८६

"समतोल", "संवाद" असले शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. आधीच माफी मागतो, आणि मग बोलतोच.

१९८६ ला कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा मी शाळेत होतो. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर मी अजून जातो. त्याच्या तीस वर्षं आधी, जानेवारी १९५६ मध्ये याच गावात माणसं पडली, म्हणून १७ जानेवारी पाळतो. हे झालं जुनं. आजचं सांगतो. माझी आई ऐंशीच्या घरात आहे. जमीन तिच्या नावावर. पहाणीचा (सातबाऱ्याचा) उतारा कन्नडमध्ये येतो. स्वतःच्या जमिनीचा कागद तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे देशानं मान्य केलेलं धोरण आहे. खानापूर तालुक्यात आम्ही १५ टक्के आहोत की नाही हे कुणीही बसस्टँडवर पाच मिनिटं उभं राहून सांगावं.

२०२४ च्या दुरुस्तीनं दुकानांच्या फलकावर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं. बरं, राज्याचा कायदा. मग उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहिलं तर कुणाच्या पोटात का दुखावं?

एक जण खुर्चीवर बसलाय, दुसरा जमिनीवर. आणि खुर्चीवरचा म्हणतो, "बोलू की, खरं सूर खाली ठेव." असला संवाद मला नको.

निपाणीकर

८६, शंभर टक्के.

शहापूरचा_विणकर

मी घरी कन्नड बोलतो. शाळा मराठी. मागावर बसलेला माणूस दोन्हीत शिव्या देतो. त्यामुळं मला इथं लिहायचा हक्क आहे असं धरून लिहितो.

सीमावासी सर, उताऱ्याचं तुमचं म्हणणं मला एक अक्षर न बदलता मान्य आहे. आईला तिच्या जमिनीचा कागद वाचता आला पाहिजे. त्यासाठी तुमच्यासोबत तहसीलदार ऑफिसात यायला मी तयार आहे. पण तुमच्या सभेत मी एकदा मागं उभा राहून ऐकलं. पहिली पंधरा मिनिटं कागदपत्रांवर होती. नंतर वक्ते म्हणाले, कानडी लोक इथं उपरे आहेत. आमचं शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हापासून माझ्या पणजोबाचा माग इथं आहे. मी कधी आलो आणि कुठून आलो?

आणि खुर्चीचं म्हणाल तर आमच्या घरातली म्हातारी माणसं सांगायची की मुंबई इलाख्यात होतो तेव्हा कचेरीत कारकून मराठी, मास्तर मराठी, दुकानदार मराठी. कन्नड माणूस अर्ज घेऊन गेला की त्यालाच गावंढळ ठरवायचे. त्यांच्या आठवणीतली खुर्ची तुमची होती. मी म्हणत नाही की म्हणून आता बदला घ्या. एवढंच की १ नोव्हेंबरला नाचणारा प्रत्येक जण तुमच्या नाकावर टिच्चून नाचत नसतो. काही जणांना खरंच वाटतं की आपल्या भाषेला पहिल्यांदा घर मिळालं.

सीमावासी८६

विणकर, "उपरे" हा शब्द चुकीचा. मी तो वापरला नाही आणि वापरणाऱ्याचं समर्थन करणार नाही.

बाकीचं मान्य नाही. घर मिळालं तर आनंद करा. आमच्या दारात येऊन डीजे का?

कुंदाप्रेमी

डीजेच्या बाबतीत मात्र आपली एकी आहे. गणपतीला आपण, १ नोव्हेंबरला ते. भिंती दोन्ही वेळा माझ्याच हादरतात. (कपिलेश्वर तलावाकडं जाणाऱ्या मिरवणुकीच्या वाटेवर घर आहे, सहानुभूती कळवावी.)

नंदगडी

वाचत होतो, आता राहवत नाही.

आमच्या गावात, नंदगडात, २६ जानेवारी १८३१ ला संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली. समाधी तिथंच आहे, वडाचं झाड आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा माणूस, कर्नाटकभर त्याचे पुतळे. आणि समाधी कुठं? खानापूर तालुक्यात, जिथं बाजारात तुम्हाला मराठीच ऐकू येईल. माझी आजी तिथं नवस बोलायची. तिला कन्नड येत नव्हतं आणि रायण्णाला मराठी येत होतं की नाही हे तिनं कधी विचारलं नाही.

डिसेंबर २०२१ आठवा. बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली. त्याचा राग इकडं उसळला आणि बेळगावच्या अनगोळात रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. त्या आठवड्यात आमच्या गावातली परिस्थिती काय होती सांगतो. महाराजांचा अपमान झाला म्हणून आम्ही चिडलेलो, आणि रायण्णाचा झाला म्हणूनही आम्हीच चिडलेलो. टीव्हीवाल्याला मात्र एकच राग पाहिजे होता. दोन्ही राग एका माणसात असू शकतात हे त्याच्या चौकटीत बसेना.

आता गंमत बघा. कर्नाटक सरकार म्हणतं, सीमावादावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल अंतिम. १९६७ च्या त्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडं (आजच्या कर्नाटकाकडं) ठेवलं, पण खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला द्यावं असं म्हटलंय. म्हणजे अहवाल जसाच्या तसा लावला तर रायण्णाची समाधी महाराष्ट्रात जाते. हे मी एकदा बसमध्ये शेजारी बसलेल्या रक्षण वेदिकेच्या, म्हणजे कन्नड संघटनेच्या, पोराला सांगितलं. तो खूप वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे कुणी सांगितलंच नाही आम्हाला." उतरताना त्यानंच माझी पिशवी खाली दिली.

सीमावासी८६

नंदगडी, महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला हेही त्याला सांगायचं होतं.

नंदगडी

सांगितलं की. तेव्हा माझा स्टॉप आला.

जतकर

सांगली जिल्ह्यातून लिहितोय, म्हणजे तुमच्या भाषेत "आपल्या" महाराष्ट्रातून. घरी कन्नड. शिक्षण कन्नड शाळेत, नंतर मराठी.

महाजन अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकला द्यायला सांगितली होती. त्या दुसऱ्या यादीत अक्कलकोट, सोलापूर आणि आमच्या जतकडचा भाग येतो. पहिली यादी इथं सगळ्यांना पाठ, दुसरी कुणालाच नाही. २०२२ च्या शेवटी कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला आणि एका दिवसात आम्ही सगळ्या वाहिन्यांवर आलो. आमच्या गावांनी कर्नाटकात जाऊ असं म्हटलं त्यात भाषेपेक्षा पाणी जास्त होतं. तुबची बबलेश्वर योजनेचं पाणी सीमेपलीकडं दिसतं आणि आमच्या विहिरीत खडक दिसतो. पण मुंबईहून आलेल्या पत्रकारानं पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला महाराष्ट्राचा अभिमान नाही का?"

सीमावासी सर, तुमच्या आईचा उतारा मराठीत असावा असं मलाही वाटतं. आमच्याकडच्या कन्नड शाळेला कन्नड येणारा मास्तर मिळावा, यासाठी तुमच्या बाजूचा एखादा नेता बोलला तर मला तुमची मागणी समजावून सांगणं फार सोपं जाईल.

पुण्यातला_बेळगावकर

माफ करा पण हा सगळा वाद निरर्थक आहे. तिकडची पुढची पिढी इंग्रजी माध्यमात आहे, नोकरीला बेंगळुरू, पुणे, दुबई. कुणाला पडलंय राज्य कुठलं? सगळ्यांनी हे मागं टाकून पुढं जायला हवं.

अक्काताई

पुण्यातून सगळं सपाट दिसतं बाळा.

टिळकवाडीकर

धागा छान चाललाय, भलतीकडे गेला तरी चालेल. फक्त एक: आमच्या गटातल्या काकांना मी जतकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला (नाव न सांगता). ते म्हणाले, "ह्या माणसाला चहाला बोलवा." नियम मोडला की नाही ते ठरवा.

अक्काताई

आता जरा लांब लिहिते, भाकऱ्या झाल्या.

पुरुषमंडळींचा कट्टा गप्प होतो तेव्हा बायका काय करतात ते कुणी विचारत नाही. माझी सून गोकाककडची, कन्नड. लग्नाआधी दोन्हीकडं काय काय बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आता सात जण एका घरात आहोत. आमच्यात सीमाप्रश्न रोज निघतो. आणि निघतो तो नातवाच्या निमित्तानं. अंगाई कुठली, "अज्जी" म्हणायचं का "आजी", शाळा कुठली. विहीणबाईंचं म्हणणं कन्नड माध्यम, राज्याची भाषा आली नाही तर पोरगं अडेल. माझं म्हणणं आमच्या गल्लीतली मराठी शाळा, जिथं त्याचा बाप शिकला. दोघींनी इतके मुद्दे मांडले की विधानसभेत कुणी मांडले नसतील. तिनं मला विचारलं, तुमच्या शाळेत यंदा पहिलीला किती पोरं? मी तिला विचारलं, तुमच्या गावच्या शाळेत किती मास्तर? दोघींची उत्तरं सांगण्यासारखी नव्हती.

शेवटी सुनेनं पोराला इंग्रजी शाळेत घातलं. दोन्ही आज्या हरल्या. आणि खोटं वाटेल, पण त्या दिवसापासून आमच्यात दोस्ती झाली. आता आम्ही दोघी मिळून सुनेला बोलतो.

पुण्यातल्या बाळाला एवढंच सांगायचंय. पुढची पिढी विसरली म्हणून आमची हरकत मिटली असं नव्हे. फक्त ऐकणारं माणूस कमी झालं.

पुण्यातला_बेळगावकर

अक्का, बरोबर आहे. "निरर्थक" मागे घेत नाही, पण माझा सूर वरून बोलल्यासारखा झाला.

कॅम्पवाला

टिळकवाडीकर, तुमच्या गटात कंत्राटदार आहेत तसा मीही कॅम्पातला. घरी उर्दू, दुकानात मराठी, कोर्ट-कचेरीत कन्नड. इथं भाषेवर इतकी चर्चा झाली, धर्मावर कुणी आलंच नाही. का ते मला माहीत आहे. भाषेवर भांडायला आपण सगळे सरावलो आहोत, जुनं भांडण आहे. धर्माचं अलीकडं फार वाढलंय.

२०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. २८ सप्टेंबर. इथल्या मुस्लिम मंडळींनी बसून ठरवलं आणि जुलूस पुढं ढकलला. पेपरात कौतुक आलं, पोलिसांनी आभार मानले. मला पण बरं वाटलं. मिरवणुकीच्या रात्री माझ्या दुकानापुढं आम्ही पाणी वाटलं, दरवर्षी वाटतो. पण माझ्या मुलानं विचारलं, "अब्बा, समजूतदारपणा दरवेळी आपणच का दाखवायचा?" त्याला काय उत्तर द्यावं? मी म्हटलं, जो मोठा असतो तो मागं सरतो. तो म्हणाला, "आपण तर लहान आहोत ना?"

सीमावासींची खुर्ची मला आवडली. ते जमिनीवर बसलेत म्हणतात. आम्ही दाराशी उभे आहोत, दोघंही आत बोलवतात निवडणुकीआधी.

आणि मूळ प्रश्नाचं बोलायचं तर: मला चर्चा नको असं नाही. मला परीक्षा नको. देशात कुठंही काही घडलं की गटात एक जण लिहितो, "कॅम्पवाले भाई गप्प का?" मी लिहिलं तर नाटक, नाही लिहिलं तर संशय. तोच माणूस समोर भेटला आणि म्हणाला, "तुमच्या घरात काल काय बोलणं झालं?", तर मी तासभर बसून सांगेन, त्यात आमच्यातल्या लोकांवरची टीकाही येईल. गटात, पन्नास लोकांसमोर, मी आमच्यातल्यांवर एक वाक्य बोललो तर ते उद्या कापून दुसरीकडं फिरेल. मग मी का बोलू?

अशील_नसलेली_वकील

कॅम्पवाले भाई, तुमचा शेवटचा परिच्छेद छापून आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावणार आहे.

शहापूरचा_विणकर

हे मराठी-कन्नडलाही तसंच लागू आहे. "१ नोव्हेंबरला तू कुठं होतास?" हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. खरं उत्तर: मागावर. सुट्टी घेतली तर मजुरी बुडते.

समितीचा_जुना_कार्यकर्ता

इथे समितीबद्दल कुणी बोलेना म्हणून मीच बोलतो. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणारी आपली महाराष्ट्र एकीकरण समिती २०१३ ला कर्नाटक विधानसभेत दोन जागांवर निवडून आली. २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. कारण कन्नडिगांचा अन्याय नव्हे. खानापुरात आपलेच दोन गट एकमेकांचं तोंड बघत नव्हते. दुसऱ्या भाषेच्या माणसाशी सूक्ष्म संवाद कसा करावा याचा धागा वाचतोय आणि हसू येतंय. आधी आपल्याच बैठकीत दुसऱ्या गटाच्या माणसाला माईक द्या.

निपाणीकर

पक्षाचे घाणेरडे कपडे इथे धुवायची गरज नव्हती.

समितीचा_जुना_कार्यकर्ता

मग कुठे धुवायचे? बैठकीत माईक देत नाहीत.

कुंदाप्रेमी

बेळगावजवळचा राजहंसगड विसरलात. २०२३ च्या मार्चमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, एकाच शिवपुतळ्याचं दोन पक्षांनी चार दिवसांत दोनदा अनावरण केलं. भाजप आणि काँग्रेस, दोघांना मराठी मतं हवी होती. महाराजांना एवढ्या वेळा पडदा कुणी घातला नसेल.

निपाणीकर

हसलो. बरं, आता मुद्द्याचं. वर "शंभर टक्के" लिहून पळालो होतो, ते पुरेसं नव्हतं.

आमच्याकडं १९८१ चं तंबाखू आंदोलन झालं. शरद जोशी आले होते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर शेतकरी ठाण मांडून बसले, मार्चपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. बायका, पोरं, बैलगाड्या, तिथंच चुली. माझे वडील त्यात होते. शेजारी चिकोडीकडचे कन्नड शेतकरी, पलीकडं कागलकडचे. व्यापारी तंबाखूचा भाव पाडतो तेव्हा तो भाषा बघत नाही. वडील सांगायचे, तिथं रात्री सीमाप्रश्नावरही चर्चा व्हायच्या आणि कुणी उठून जायचं नाही, कारण उठून जायचं कुठं? रस्त्यावरच बसलेले सगळे. शेवटी ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले.

म्हणून काही लोक म्हणतात की पोटाचा प्रश्न घ्या, भाषेचे वाद आपोआप मिटतात. मी तसं म्हणणार नाही. त्यानंतरच्या निवडणुकीत याच लोकांनी पुन्हा आपापल्या भाषेप्रमाणे मतं टाकली, वडिलांनीसुद्धा. पोटाच्या प्रश्नानं भाषेचा प्रश्न मिटला नाही. पण वडिलांच्या ओळखीतले चिकोडीचे दोन जण शेवटपर्यंत आमच्या घरी सणाला यायचे, आणि ते यायचे तेव्हा महाजनांचं नाव हमखास निघायचं. आई म्हणायची, आले तुमचे कोर्टवाले.

रोजचा_प्रवासी

कामानिमित्त बेळगाव-कोल्हापूर येजा असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिकीट आणि भाषेवरून एका बसवाहकाला मारहाण झाली, मग चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या बसवर हल्ला, मग दोन्हीकडच्या बसेस बंद. त्या दिवसांत माझ्या मोबाईलवर जे आलं त्यात एकाच प्रसंगाची इतकी रूपं होती की कुठलं खरं ते कळेना. मराठी गटात एक कथा, कन्नड गटात दुसरी. मी दोन्ही गटांत आहे. दोन्हीकडं लोक शपथेवर सांगत होते, आणि त्यातला एकही जण त्या बसमध्ये नव्हता.

आमच्या वडापच्या (शेअर जीपच्या) ड्रायव्हरनं तेव्हा गाडीत नियम केला: बघितलंय त्यानंच बोलायचं. सीमेवरचा कोगनोळी नाका येईपर्यंत गाडीत चिडीचूप.

इतिहासाचा_नाद

थोडं विषयांतर करतो. डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असं ते एकमेव अधिवेशन. आयोजनाची धुरा गंगाधरराव देशपांडे यांच्यावर. हे टिळकांचे निष्ठावंत अनुयायी आणि लोक त्यांना "कर्नाटक सिंह" म्हणत. आज ते कुणाचे, असा प्रश्न विचारला तर व्हॅक्सिन डेपोवर चहा नक्की सांडेल.

त्याच वेळी, त्याच मांडवात कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली. आणि १९४६ ला याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं, तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दोन्ही एकीकरणांची स्वप्नं याच गावात जाहीरपणे बोलली गेली, बावीस वर्षांच्या अंतरानं. दोघांनाही हे गाव आपलं मधोमध वाटत होतं, कडेचं नाही. आज दोघांनाही ते सीमेवरचं वाटतं. मला वाटतं भांडणाची कडवट चव इथून येते.

सीमावासी८६

हे चांगलं मांडलंत. १९२४ च्या परिषदेबद्दल मला माहीत नव्हतं.

कुंदाप्रेमी

८६ नी कुणाचं तरी मान्य केलं. धाग्याचा राज्योत्सव साजरा करा.

सीमावासी८६

काळा दिवस म्हणा.

अशील_नसलेली_वकील

टिळकवाडीकरांच्या मूळ प्रश्नाकडं येते, कारण आतापर्यंत बोलायचं *का* यावर सगळे बोलले, *कसं* यावर थोडेच.

महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे. तिथं काय व्हायचं ते होईल. पण आमच्या बार रूममध्ये दोन्ही भाषांचे वकील एका टेबलावर डबा खातात आणि हा विषय निघतोच. सुरुवातीला व्हायचं ते असं: कलम, अहवाल, १९५६, आवाज, मग कुणीतरी डबा बंद करणार. मग आमच्यातल्या एका ज्येष्ठ वकिलांनी एक प्रश्न विचारायला सुरुवात केली: "समजा निकाल तुमच्या पूर्ण विरोधात लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला नेमकं काय हवं असेल?"

या प्रश्नानं माणसाचा पक्ष बदलत नाही. तसा हेतूही नाही. पण भाषण देता येत नाही. कन्नड सहकारी म्हणाले, बेळगाव महाराष्ट्रात गेलं तर माझ्या मुलीला कन्नड शाळा राहील का, कोर्टात कन्नडमध्ये साक्ष देता येईल का. मराठी सहकारी म्हणाले, बेळगाव कायम कर्नाटकात राहिलं तर मला कागद मराठीत हवेत, महापालिकेत मराठीत बोललो तर गदारोळ नको. दोन्ही याद्या टेबलावर आल्या तेव्हा त्या जवळपास एकच निघाल्या. यावरून सगळं सोपं आहे असं नाही. याद्या एकसारख्या असल्या तरी आजच्या घडीला एकाला त्यातलं बरंचसं मिळतं आणि दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून सीमावासींचा राग मला खोटा वाटत नाही. पण निदान आमचं भांडण आता कागदावर आहे, माणसावर नाही.

एक अट मात्र आहे. हा प्रश्न समोरासमोर विचारायचा. व्हॉट्सॲपवर विचाराल तर कॅम्पवाले भाई म्हणतात तशी त्याची परीक्षाच होईल.

पुण्यातला_बेळगावकर

आणि ज्याला या प्रश्नाचं उत्तरच द्यायचं नाही? "विरोधात लागणारच नाही" म्हणणारा?

अशील_नसलेली_वकील

त्याच्याशी क्रिकेटवर बोलायचं. सगळ्यांशी सगळं बोललंच पाहिजे असा कायदा नाही.

टिळकवाडीकर

आज चहाच्या वेळी काकांना विचारलं. समोरासमोर, गटात नाही. ते खूप वेळ चालत राहिले आणि मग म्हणाले, "निकाल विरोधात गेला तर मला वाईट वाटेल, आणि तुम्ही माझ्यासमोर पेढे वाटू नयेत एवढीच अपेक्षा." मी म्हटलं, मी वाटीन. ते म्हणाले, "मग उलटा लागला तर मी पण वाटीन." कंत्राटदार म्हणाले, "मला दोन्ही वेळा पाठवा." मास्तर मात्र चिडले. त्यांना ही थट्टा वाटली, ते म्हणाले लोकांनी जीव दिलेत. ते बरोबर आहेत. उद्या ते येतात की नाही बघू.

सीमावासी८६

मास्तरांना माझा नमस्कार सांगा.

वकीलबाईंच्या प्रश्नाला माझं उत्तर. कोर्टानं काहीही सांगितलं तरी माझं मत बदलणार नाही, ते मी मरेपर्यंत सांगणार. पण सकाळी काय हवं असेल, तर आईचा उतारा मराठीत. एवढी एक गोष्ट तिच्या डोळ्यांनी तिनं वाचावी. विणकर, तुम्ही तहसीलदार ऑफिसात येतो म्हणाला होता, ते लिहिण्यापुरतं होतं की खरं?

शहापूरचा_विणकर

खरं. सोमवारी माग बंद असतो. अर्ज मराठीत तुम्ही लिहा, सोबत कन्नड प्रत मी लिहितो, म्हणजे "कळलं नाही" म्हणून परत येणार नाही. पण तुमच्या फेरीत मी येणार नाही, ते आधीच सांगतो.

सीमावासी८६

बोलावलंय कुणी? मीही राज्योत्सवाला येणार नाही.

जतकर

अर्जाचा नमुना इथं टाका. आमच्या शाळेच्या मास्तरासाठी गावातला मुलाण्यांचा पोरगा तोच उलटा करून लिहील.

निपाणीकर

आणि त्यात १५ टक्क्यांच्या धोरणाचा उल्लेख स्पष्ट करा. तोंडी सांगितलं की ऐकत नाहीत.